पहिली पेल एल बेततोय: ८०० ग्रॅम क्रिस्टल आणि पाच हॉप्स, जास्त होतंय का?

नवी_उकळी
२० लिटरची पहिली ऑल-ग्रेन (तयार अर्काऐवजी धान्यापासूनच) पेल एल बिअर बेततो आहे. सोनेरी रंग, अल्कोहोल ५% च्या आसपास, हॉप्सचा (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) लिंबूवर्गीय वास पुढे आणि कडवटपणा माफक, अशी हवी आहे. कागदावर हे उतरवलंय:

पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ३.५ किलो, क्रिस्टल माल्ट (रंग १२० ईबीसी) ८०० ग्रॅम, गव्हाचा माल्ट ३००, कारापिल्स (हाही माल्टच) ३००. मॅश (दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवणं) ६९ अंशांवर. हॉप्स प्रत्येकी १५ ग्रॅम (मिनिटं म्हणजे उकळीत किती वेळ): सेंटेनियल ६० मिनिटं, सिम्को ३०, मोझॅइक १५, सिट्रा ५, कॅस्केड आच बंद करताना. यीस्ट यूएस-०५.

काय काढू, काय ठेवू?

जवाचा_दाणा
तुमचा ओजी (आंबण्याआधीची घनता) बरोबर येईल, पण बिअर गोडमिट्ट होईल. ८०० ग्रॅम क्रिस्टल म्हणजे एकूण धान्याच्या १६%. एवढ्याने रंग तांबूस होतो, चव मनुका-कॅरॅमलकडे जाते आणि हॉप्सचा वास तिच्याखाली दबतो. त्यात कारापिल्स आणि ६९ अंशांचा मॅश. न आंबणारी साखर वाढवायचे तीन उपाय तुम्ही एकाच बिअरमध्ये वापरताय. एक पुरे.

असं करा: पेल माल्ट ४.३ किलो, गहू ३०० ग्रॅम (फेस टिकायला), क्रिस्टल २५० ग्रॅम. कारापिल्स काढा.

हिशोब हातानेच करून बघा, म्हणजे पुढची रेसिपी स्वतः बेतता येईल. पेल माल्टचा एक किलो साधारण ३०० गुण (एका लिटरमधली १.००० च्या वरची घनता, हजारांशांत) देतो, गव्हाचाही तेवढेच धरा, क्रिस्टलचा २८०. १२९० + ९० + ७० = १४५०. पहिल्या खेपेला कार्यक्षमता (यातलं प्रत्यक्षात किती उतरतं) ७०% धरा: १०१५. भागिले २० लिटर, म्हणजे ५१. ओजी १.०५१.

मॅश ६६ अंशांवर, ६० मिनिटं. किलोला ३ लिटर पाणी आणि धान्य २५ अंशांचं असेल तर पाणी ७२ अंशांवर घ्या. धान्य पडलं की ६६ वर येतं. एफजी (आंबणं संपल्यावरची घनता) १.०१० ते १.०१२ दरम्यान थांबेल.

फेसाळ
हॉप्सबद्दल. ३० मिनिटांची सिम्को पहिली काढा. अर्ध्या तासात वासाची तेलं उडून जातात आणि कडवटपणा ६० मिनिटांइतका मिळत नाही. सध्याच्या वेळापत्रकाने आयबीयू (कडवटपणाचं माप) ४५-५० च्या घरात जातो. तो माफक नाही.

कडवटपणाची जबाबदारी एकट्या सेंटेनियलला द्या: १८ ग्रॅम, ६० मिनिटं. अल्फा (हॉप्समधलं कडवटपणा देणारं आम्ल) १०% असेल तर १८०० मिलिग्रॅम भागिले २० लिटर, म्हणजे लिटरला ९०. या ओजीला तासाभरात त्यातलं सुमारे २३% उतरतं, म्हणजे २१ आयबीयू. पाकिटावरचा अल्फा वेगळा असेल तर वजन त्या प्रमाणात बदला.

मग कॅस्केड २० ग्रॅम १० मिनिटांना. आच बंद केल्यावर वर्ट (माल्टचं गोड पाणी) ८० अंशांवर आणा, सिट्रा २० आणि कॅस्केड २० ग्रॅम टाकून २० मिनिटं ठेवा. एकूण आयबीयू ३० च्या थोडा वर. मोझॅइक पुढच्या खेपेसाठी राखा. दोन वाणांचा वास ओळखू येतो. पाच एकत्र केली की कशाने काय दिलं ते कधीच कळत नाही.

नवी_उकळी
हे पटलं. ७०% मिळाले नाहीत तर? आणि पाण्यात काही घालावं लागतं का?

तळगाळ
उकळण्याआधी मोजा. २४ लिटर वर्ट १.०४२ हवा. नमुना २० अंशांपर्यंत गार करूनच हायड्रोमीटर टाका. गरम वर्टमध्ये आकडा बराच खाली दिसतो आणि उगाच घबराट होते. गार करूनही १.०३६ च असेल तर ४०० ग्रॅम कोरडा लाइट माल्ट एक्स्ट्रॅक्ट मिसळा. बहुतेकदा दळण जाड असतं. प्रत्येक दाणा फुटलेला हवा, टरफल मात्र शाबूत, नाहीतर गाळताना अडतं.

पाणी: एकूण २९ लिटर लागेल. धान्य ५ लिटर पिऊन टाकतं आणि तासाच्या उघड्या उकळीत ४ जातात. नळाचं असेल तर अर्धी कॅम्पडेन गोळी विरघळवा. क्लोरीन राहिलं तर बिअरला औषधी वास येतो आणि तो नंतर जात नाही. पाणी मऊ असेल तर ५ ग्रॅम जिप्सम. हॉप्सचा कडवटपणा त्याने स्वच्छ लागतो.

रेसिपीइतकंच लक्ष तापमानाकडे द्या. यीस्ट १८ अंशांवर टाका आणि पहिले तीन दिवस २० च्या वर जाऊ देऊ नका. खोलीचं नव्हे, फर्मेंटरचं तापमान बघा. आंबताना आतली उष्णता काही अंश जास्त असते.

फेसाळ
ड्राय हॉप (न उकळता बिअरमध्ये हॉप्स टाकणं) राहिलं: ४० ग्रॅम सिट्रा, आंबणं संपल्यावर, तीन दिवस. झाकण क्षणभरच उघडा आणि ढवळू नका; हवा शिरली की हा वास आठवड्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखा होतो.

जवाचा_दाणा
त्याला एक जोड. हॉप्समधली एन्झाइम्स उरलेली साखर फोडतात आणि आंबणं पुन्हा हळू सुरू होऊ शकतं. म्हणून ड्राय हॉपनंतर दोन दिवसांच्या अंतराने दोनदा एफजी मोजा. आकडा हलला नाही तरच बाटल्या भरा, २० अंशांच्या बिअरला फसफसण्यासाठी लिटरमागे ६ ग्रॅम साखर. हलत असेल तर थांबा. त्या अवस्थेत भरलेल्या बाटल्या फुटतात.