मदत हवी आहे : युद्धकाळातील कारखाने खेळात कसे दाखवावेत?

नमस्कार. परभणीत आम्ही चार मित्र दुसऱ्या महायुद्धावर पटावरचा खेळ तयार करत आहोत. सध्या कारखान्याची सोंगटी दुसऱ्या प्रांतात ठेवली की पुढच्याच डावात रणगाडे मिळतात, आणि हे मला मुळीच पटत नाही. कारण १९४१ मध्ये सोव्हिएत संघाने दीड हजारांहून अधिक कारखाने पूर्वेकडे हलवले, तेव्हा रेल्वेच्या वाघिणींतून उतरवलेली यंत्रे पुन्हा पूर्ण क्षमतेने चालायला कित्येक महिने लागले. जर्मनीची अडचण वेगळीच : १९४४ मध्ये तिथे सुमारे ४०,००० विमाने तयार झाली, पण त्याच वर्षी मे महिन्यापासून कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बॉम्बहल्ले सुरू झाल्याने ती उडवायला पुरेसे पेट्रोलच उरले नाही. हा विलंब आणि ही टंचाई, खेळाडूंवर हिशेबाचा भार न वाढवता, नियमांत कशी बसवावी? ज्यांनी असे नियम खेळून पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.