मदत हवी आहे: कधीच गेम न खेळलेल्या मोठ्या माणसांना हातातला व्हिडिओ गेम कसा विकावा?

नमस्कार मंडळी,

सांगलीत आमचं खेळण्यांचं दुकान आहे. दिवाळीआधी हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचे वीस नग मागवले. सहा गेले, तेही मुलांच्या हट्टापायी. मला गिऱ्हाईक हवंय ते त्या मुलांबरोबर आलेल्या आई-आजोबांमधलं.

परवा एक निवृत्त काका नातवाला घेऊन आले. मी त्यांच्या हातात ठोकळ्यांचा खेळ लावून दिला. भरलेली कपबशी धरावी तसं त्यांनी ते यंत्र धरलं, अंगठा काही बटणावर टेकेना. "चुकीचं दाबलं तर बिघडेल ना?" पहिली ओळ जुळून नाहीशी झाली आणि काका खुलले. चांगली दहा मिनिटं खेळले. मग खाली ठेवत म्हणाले, "छान आहे, पण आमचं काय आता वय राहिलंय?"

माझं घोडं इथंच अडतंय. गोडी लागते, पण ही वस्तू आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटत नाही.

निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीने हे साधलं होतं. १९८९ साली अमेरिकेत गेम बॉय या हातातल्या यंत्राच्या खोक्यात त्यांनी आपला गाजलेला मारिओ नव्हे, टेट्रिस हा ठोकळे जुळवायचा खेळ घातला. २००५ मध्ये जपानात तोहोकू विद्यापीठाचे मेंदू-संशोधक र्‍युता कावाशिमा यांचं नाव घेऊन डीएस या दोन पडद्यांच्या हातातल्या यंत्रावर मेंदूच्या व्यायामाचा खेळ आणला. यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं आणि साध्या बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं पेनाने पडद्यावर लिहायची. बटणांची धास्तीच नाही! पुढे अमेरिकेतल्या आवृत्तीत सुडोकूही होतं. डीएस जगभरात १५ कोटींवर खपला.

आपल्याकडेही सकाळी पेपरातलं सुडोकू सोडवल्याशिवाय चहा न घेणारी माणसं आहेत, तीच मला गाठायची आहेत. फक्त "स्मरणशक्ती वाढेल" असं सांगून विकायचं नाही, त्याची हमी मी देऊ शकत नाही.

तेव्हा पाटीवर काय लिहू? 'व्हिडिओ गेम' हा शब्दच टाळू का? ज्येष्ठ नागरिक संघात दोन नग तासभर हाताळायला ठेवले तर चालेल का? कुणी असं काही केलं असेल तर अनुभव सांगा. आणि "मोबाईलवर फुकट मिळतं की" याला तुम्ही काय उत्तर देता? डीएस आला तेव्हा निन्टेंडोपुढे हा प्रश्न नव्हता, माझ्यापुढे रोज आहे.