हायलाइन ट्रेल ‘सपाट आणि सोपी’? जरा थांबा

पायवाट: अमेरिकेतल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या हायलाइन पायवाटेबद्दल काल कुणी लिहिलं, ‘वाट सपाट, नुसती फुलं, एक बाटली पाणी पुरे.’ यावर विसंबून कुणी निघालं तर पंचाईत होईल. लोगन पास ही खिंड (2,026 मीटर) ते लूप, म्हणजे घाटरस्त्याचं मोठं वळण, सुमारे 19 किमी. ग्रॅनाइट पार्क शॅले या डोंगरातल्या निवासापर्यंतचे 12 किमी बहुतेक कुरणांतून, मान्य. पुढच्या साडेसहा किमीत मात्र 700 मीटर उतरायचं, तेही 2003च्या वणव्यात जळालेल्या पट्ट्यातून. भर दुपारी सावली नाही. माणशी 3 लिटर पाणी हवंच.

रानफूल: उगाच घाबरवताय. उतार नको असेल त्याने वाटेतल्या हेस्टॅकच्या खिंडीतून परत फिरावं, फुलं तिथवर भरपूर. अस्वलांसाठी सॅकला घंटा बांधली की झालं.

पायवाट: घंटा?! वाऱ्यात आणि ओढ्याच्या आवाजात ती ऐकूच जात नाही. वळणाआधी, झुडपांत शिरताना मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. ग्लेशियर लिली या रानफुलाचे कंद उकरण्यात ग्रिझली (तपकिरी अस्वल) गुंग असते, तिला दचकवणं सगळ्यात वाईट. 100 यार्डांच्या (सुमारे 90 मीटर) आत जायचंच नाही.

रानफूल: मग अस्वलांवर मारायचा मिरचीचा स्प्रे आहे की.

उतार: कुठे आहे? बहुतेकांच्या सॅकच्या तळाशी! तो कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला हवा. अस्वल धावून आलं तर सेफ्टी क्लिप काढून, 10 ते 15 मीटरवर असताना, किंचित खाली रोखून मारायचा, म्हणजे ते स्प्रेच्या ढगात शिरतं. डबा काही सेकंदांत रिकामा होतो. वारा समोरून असेल तर निम्मा आपल्याच डोळ्यांत. अंगाला किंवा तंबूला फवारणारेही आहेत, तो डासांचा स्प्रे नव्हे!

रानफूल: बरं, घंटा सोडली. पण मूळ मुद्दा वाटेचा होता. सुरुवातीच्या कड्याला धरायला केबल आहे, तिथे धोका कसला?

पायवाट: बर्फ वितळल्यावर फारसा नाही, एवढं मानतो. जुलैच्या सुरुवातीला तिरक्या बर्फावरून पाय सटकला तर थेट खालच्या रस्त्यावर. ट्रेल उघडल्याचं पार्ककडून कळेपर्यंत जाऊ नका.

उतार: आणि लघवी खडकावर करा, हिरवळीवर नको. मिठासाठी पहाडी बकऱ्या ती जागा खुरांनी उकरतात, झाडं मुळासकट जातात.