पॅटर्नमधला वाद्याचा आवाज बदलताना: प्रोग्राम चेंज की वेगळा ट्रॅक?

षड्ज (धागाकर्ता)

यामाहा मोटिफ एक्सएफ या कीबोर्डवर, आणि त्याआधीच्या एक्सएसवरही, एका पॅटर्नला (फिरत वाजणाऱ्या तुकड्यांच्या संचाला) ए ते पी असे १६ सेक्शन असतात, पण मिक्सिंग, म्हणजे कुठल्या पार्टला कुठला आवाज याची मांडणी, सगळ्यांना मिळून एकच. बहुतेकांची फसगत इथेच होते. ए सेक्शनमध्ये ट्रॅक ५ वर बासरी आहे आणि बी मध्ये तीच ओळ सनईवर हवी आहे. म्हणून मिक्सिंगमध्ये जाऊन ट्रॅक ५ वाजवणाऱ्या पार्ट ५ चा व्हॉइस (वाद्याचा आवाज) बदलला, की ए मधली बासरीही गेली. मग इव्हेंट लिस्ट (सुरांच्या नोंदींची यादी) उघडून फ्रेजच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्याच्या, सुरुवातीला प्रोग्राम चेंज (आवाज बदलायची मिडी आज्ञा) टाकला जातो. माझ्या मते हा चुकीचा रस्ता आहे.

त्यापेक्षा पॅच पान उघडा. फ्रेज एका ट्रॅकला बांधलेली नसते. पॅटर्नमधल्या २५६ फ्रेजपैकी कुठलीही फ्रेज कुठल्याही सेक्शनच्या कुठल्याही ट्रॅकवर लावता येते. बी सेक्शनमध्ये ट्रॅक ५ रिकामा करा, तीच फ्रेज ट्रॅक ९ वर लावा आणि मिक्सिंगमध्ये पार्ट ९ ला सनई द्या. ट्रॅक ९ चा आउटपुट चॅनेल आणि पार्ट ९ चा रिसीव्ह चॅनेल जुळतात ना, तेवढं बघून घ्या. व्हॉल्यूम, पॅन, रिव्हर्ब सेंड सगळं वेगळं ठेवता येतं. शिवाय एखादा सूर दुरुस्त केला तर दोन्हीकडे आपोआप होतो, कारण फ्रेज एकच आहे.

खर्ज

असहमत. ट्रॅक १६च आहेत. ढोलकी, तबला आणि साइड ऱ्हिदम वेगवेगळे ठेवले, त्यात बास, दोन स्ट्रिंग्ज, गिटार, पियानो घातले, की निम्म्याहून जास्त ट्रॅक संपले. खरी अडचण पुढेच आहे: मिक्सिंगमध्ये इन्सर्शन इफेक्ट (व्हॉइसचा स्वतःचा खास इफेक्ट) एका वेळी ८ पार्टनाच मिळतो. बी सेक्शनपुरत्या वाजणाऱ्या सनईसाठी त्यातली एक जागा कायमची अडवायची, हा अपव्यय आहे. नववा पार्ट नुसत्या रिव्हर्ब-कोरसवर राहतो आणि व्हॉइस मोडमध्ये भरदार लागलेला आवाज पॅटर्नमध्ये पातळ वाटतो.

प्रोग्राम चेंज नीट टाकला तर काही बिघडत नाही. बँक, म्हणजे व्हॉइसचा संच, एमएसबी आणि एलएसबी या दोन आकड्यांनी निवडतात: एमएसबी ६३, एलएसबी ० म्हणजे प्रीसेट १. यूजर १ ला एलएसबी ८. प्रीसेट ड्रमला ३२. बँक न देता नुसता प्रोग्राम नंबर टाकला की चालू असलेल्या बँकेतला त्या नंबरचा भलताच व्हॉइस येतो. लोक ‘प्रोग्राम चेंज बेभरवशाचा’ म्हणतात ते बहुधा यामुळे.

षड्ज

बँकेचा मुद्दा मान्य. पण दोन गोष्टी राहतात.

पहिली म्हणजे लूप. चार मात्रांच्या बारांची फ्रेज आहे आणि तिसऱ्या बारला प्रोग्राम चेंज आहे असं धरा. फ्रेज फिरून पहिल्या बारला आली तरी सनईच वाजत राहते, कारण बासरीकडे परत जा असं तिला कुणी सांगितलेलंच नाही. दुसरी म्हणजे तीच फ्रेज सी सेक्शनमध्येही लावलेली असेल, तर तिथेही सनई घुसते. हा दोष ऐकल्यावर लोक सी सेक्शनचं मिक्सिंग धुंडाळत बसतात, आणि गोम फ्रेजमध्ये असते.

खर्ज

दोन्हीवर इलाज आहे. आधी फ्रेज कॉपी करून मोकळ्या नंबरवर ठेवायची आणि प्रोग्राम चेंज त्या प्रतीतच टाकायचा. मूळ फ्रेजच्या पहिल्या क्षणालाही बासरीचा प्रोग्राम चेंज द्यायचा, म्हणजे कुठल्याही सेक्शनमधून उडी मारली तरी आवाज योग्यच लागतो.

पहिला सूर आणि प्रोग्राम चेंज एकाच क्लॉकवर (मात्रेच्या बारीक भागावर) ठेवू नका, सूर जुन्याच आवाजात निघू शकतो. प्रोग्राम चेंज ०००वर ठेवून सूर १० क्लॉक पुढे सरकवा. एका मात्रेला ४८० क्लॉक, म्हणजे १२० टेम्पोला १० क्लॉक सुमारे १० मिलिसेकंद होतात. गाण्यात ते कानाला जाणवत नाही.

षड्ज

सनईला जाणवणार नाही. ढोलकीच्या थापेला जाणवतं, विशेषतः बाकीचा ऱ्हिदम जागच्या जागी असताना. आणि बासरीचा शेवटचा सूर रेंगाळत असताना प्रोग्राम चेंज आला तर त्या पार्टचा इन्सर्शन इफेक्टही त्याच क्षणी बदलतो. ती रेंगाळ मध्येच तुटते. वेगळ्या ट्रॅकवर ती सावकाश विरते. माझ्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे.

तीव्र मध्यम

ट्रॅक की प्रोग्राम चेंज यावर तुम्ही दोघे अडलात, पण हाताने व्हॉइस बदलल्यावर ओळ बेसूर होते ती तिसऱ्याच कारणाने. मिक्सिंगमध्ये ‘पॅरामीटर विथ व्हॉइस’ नावाचा स्विच आहे. तो चालू असताना व्हॉइस निवडला की त्याचे अर्पेजिओ, फिल्टर, ईजी (सूर उठण्या-विरण्याची घडण), नोट शिफ्ट (सूर वर-खाली सरकवणं) आणि पिच बेंडची रेंज पार्टवर उतरतात.

बासरीची मींड बेंड व्हीलने रेकॉर्ड केली आणि रेंज २ सेमीटोन होती असं धरा. एक सेमीटोन (अर्धा स्वर) चढवायला व्हीलचा आकडा सुमारे ४०९६ जातो. नव्या व्हॉइसची रेंज १२ असेल तर तेच ४०९६ सहा सेमीटोन चढतात. ‘सा’वरून कोमल ‘रे’ला जायचं ते थेट तीव्र ‘म’ला. नोटा सगळ्या बरोबर दिसतात आणि ऐकायला ओळ उद्ध्वस्त असते.

म्हणून आधी तो स्विच बंद करा, मग व्हॉइस निवडा. त्याचीही किंमत आहे: नोट शिफ्ट येत नाही, त्यामुळे एखादा बास एक सप्तक वर लागतो, तो पार्टमध्ये हाताने –१२ करावा लागतो. मोनो-पॉली (एका वेळी एकच सूर की अनेक) मात्र स्विच बंद असला तरी व्हॉइसबरोबर येतं. कॉर्डच्या ट्रॅकवर मोनो लीड निवडला की कॉर्डमधला एकच सूर उरतो, त्याचं कारण हेच.

ड्रमबद्दल थोडक्यात: किट बदलताना किक ३६वर, स्नेअर ३८वर, बंद हाय-हॅट ४२वर आहे ना, ते आधी तपासा. ढोलकी-तबल्याच्या स्वतः बांधलेल्या किटमध्ये बोल भलत्याच पट्ट्यांवर असतात. तिथे व्हॉइस बदलून भागत नाही, नोटाच हलवाव्या लागतात.

काकली

कोर्गवाल्यांनी वरचं जसंच्या तसं उचलू नये. ट्रायटन, क्रोनॉस या कोर्गच्या कीबोर्डमध्ये पॅटर्नला स्वतःचा आवाज नसतो, तो ज्या ट्रॅकवर वाजतो त्याचा प्रोग्राम (कोर्गचा व्हॉइस) घेतो. आरपीपीआरमध्ये (एकेका कीला पॅटर्न नेमून वाजवायच्या सोयीत) त्याच पॅटर्नला दुसरी की आणि दुसरा ट्रॅक दिला की आवाज बदलला. म्हणजे षड्ज यांचीच पद्धत तिथे मुळात आहे. मोटिफवरही मी तीच वापरेन. आणि क्रोनॉसवर प्रोग्राम ० ते १२७ दिसतात, यामाहावर १ ते १२८. एकाची इव्हेंट लिस्ट बघून दुसऱ्यावर नंबर टाकला की शेजारचा आवाज लागतो.

खर्ज

कोर्गची रचना वेगळी, मान्य. तीव्र मध्यम यांचा स्विचचा सल्लाही पटला. पण ८ पार्टच्या मर्यादेला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

षड्ज

उत्तर असं: ढोलकी, बास आणि साध्या स्ट्रिंग्जचा इन्सर्शन काढून ठेवा, रिव्हर्ब सेंडवर त्यांचं भागतं. आठ जागा लीड, गिटार आणि ऑर्गनसाठी पुरतात. आणि कुठलीही पद्धत घ्या, दुसरा पॅटर्न निवडण्याआधी मिक्सिंग स्टोअर करा, नाहीतर नेमलेले व्हॉइस जातात. पॅटर्न स्वतः मशीन बंद केल्यावर टिकत नाही, तो यूएसबीवर फाइल करून ठेवावा लागतो.