मदत हवी आहे: दूध संघाच्या २१४ मोबाइल नंबरांचा करार कुणाला द्यावा, आणि काय काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका सहकारी दूध संघात मी लेखा विभाग सांभाळते. संघाच्या नावावर २१४ मोबाइल नंबर आहेत. संकलन केंद्रांचे सचिव, टँकरचे ड्रायव्हर, शीतकरण केंद्रावरचे केमिस्ट, पशुवैद्यक डॉक्टर, पशुखाद्य विभाग आणि ऑफिसातले आम्ही, असे सगळे त्यात आले. सध्याच्या कंपनीचा करार पुढच्या महिनाअखेर संपतोय. गेले पंधरा दिवस तीन कंपन्यांची माणसं ऑफिसात ये-जा करतायत. बारा तारखेला संचालक मंडळाची बैठक आहे आणि तुलनात्मक तक्ता मला ठेवायचाय. त्याआधी इथल्या जाणकारांचं ऐकायचं आहे.

आज आम्ही नंबरामागे महिन्याला २९९ रुपये भरतो, वर कर. पहिल्या कंपनीने १९९ दिलाय, २४ महिन्यांच्या बांधिलकीवर. दुसरीने १८५, ३६ महिने बांधून, आणि वर चाळीस हँडसेट फुकट. तिसरीचा २२५, पण बांधिलकी नाही, कधीही सोडा. अध्यक्षसाहेबांचं म्हणणं सरळ आहे: ज्याचा दर कमी त्याला काम. १८५ घेतला तर वर्षाला २ लाख ९२ हजार वाचतात, आणि सहकारी संस्थेत हा आकडा सभेत सांगता येतो. त्यांच्याकडे एक जुनं कात्रणही आहे. रेल्वेला कर्मचाऱ्यामागे ६७ रुपयांत ३० जीबी मिळालं होतं, मग आपल्याला १८५ तरी का, असं ते विचारतात. याला काय उत्तर द्यावं तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

तक्त्यात मी एक गोष्ट आधीच बदलली आहे. तिन्ही प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, जीएसटी धरू नका, तो तर तुम्हाला क्रेडिटमध्ये परतच मिळतो." कारखान्याला मिळत असेल. आमची मोठी विक्री ताज्या दुधाची, आणि ताजं दूध करमाफ. जेवढी विक्री करमाफ तेवढ्या प्रमाणात क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, सोडून द्यावं लागतं. म्हणून फोनबिलावरचे १८ टक्के मी खर्चातच धरलेत. दूध, शाळा, दवाखाना असल्या संस्थांत हिशेब बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता खरी अडचण सांगते.

गेल्या महिन्यात मी तिन्ही कंपन्यांची एकेक प्रीपेड सिम घेतली, तीन जुन्या फोनांत घातली आणि घाटावरच्या सगळ्यात लांबच्या रूटच्या टँकरवर दिली. ड्रायव्हरदादांनी तिन्ही फोन डॅशबोर्डवर ओळीने ठेवून रबरबँडने बांधले. प्रत्येक केंद्रावर थांबले की तिन्हीवरून मला फोन लावायचा आणि लागला की नाही ते वहीत लिहायचं, एवढंच काम. सहा दिवसांत आळीपाळीने ३१ केंद्रं झाली. पहिल्या कंपनीचा फोन २९ ठिकाणी लागला, तिसरीचा २६ ठिकाणी. सगळ्यात स्वस्त असलेल्या दुसरीचा २२ ठिकाणी. एका केंद्रापुढे दादांनी लिहिलंय: "देवळाच्या पारावर चढल्यास लागतो, केंद्रात नाही." पहाटे साडेपाचला सचिव मापं घेत असतो, समोर किटल्यांची रांग असते. त्याने पारावर कधी जायचं?

मी ही वही दाखवली तेव्हा दुसऱ्या कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला की तिथे दोन नवे टॉवर मंजूर आहेत, चार महिन्यांत होतील. लिहून द्या म्हटलं तर ऑफर लेटरमध्ये ते वाक्य आलं नाही.

एवढी काळजी का करते, तेही सांगते. मागच्या खेपेला आम्ही कंपनी बदलली तेव्हा (नाव लिहीत नाही, तो विषय नाही) आधीच्या कंपनीने दिलेल्या "फुकट" हँडसेटांची किंमत शेवटच्या बिलात लागली. रकमेवर वाद झाला, पत्रं गेली आणि दरम्यान पोर्ट झालेले, म्हणजे नंबर तोच राहून नव्या कंपनीकडे गेलेले, १७ नंबर थकबाकीच्या कारणाने बंद पडले. त्यातला एक आमच्या डॉक्टरांचा, अकरा वर्षं चाललेला. गावागावांत गोठ्याच्या भिंतीवर तो नंबर गेरूने लिहिलेला आहे. तो बंद होता त्या दिवसांत एका घरची गाय रात्री अडली. त्या माणसाने दीड वाजल्यापासून त्या नंबरवर अकरा वेळा फोन लावला. पहाटे मोटरसायकल घेऊन तो डॉक्टरांच्या दारात आला तोवर वासरू गेलं होतं. गाय वाचली. त्याने आमच्यावर राग धरला नाही, पण मला ते विसरता येत नाही. माझ्या टेबलावरच्या एका वादग्रस्त बिलाने ते झालं.

तर मला विचारायचंय ते असं. सगळे नंबर एकाच कंपनीला द्यावेत का? आपसातले कॉल फुकट, म्हणजे सीयूजी, तुटेल अशी भीती सगळे घालतायत. नंबर हातचे जाऊ नयेत म्हणून करारात नेमकं काय घालावं? आणि नेटवर्कची हमी आजवर कुणी लेखी मिळवली आहे का?

प्रतिसाद

ताई, मी एका मोबाइल कंपनीत कॉर्पोरेट विक्रीत नऊ वर्षं काढली, आता तो धंदा सोडलाय. म्हणून मोकळेपणाने लिहितो.

सीयूजीची भीती मनातून काढून टाका. २००९च्या आसपास सेकंदाला एक पैसा हा स्वस्त दर वाटायचा, तेव्हा आपसातले कॉल फुकट ही फार मोठी गोष्ट होती आणि आम्ही तीच विकायचो. त्यानंतरही एका कंपनीतून दुसरीत कॉल गेला की मिनिटाला ६ पैसे समोरच्या कंपनीला द्यावे लागायचे. १ जानेवारी २०२१ पासून ते शून्य झालं. आज कुठलाही बरा प्लॅन घेतला तरी सगळ्या नेटवर्कवर बोलणं अमर्याद आहे. सीयूजीत उरलं ते तीन-चार आकडी छोटे नंबर आणि सगळ्यांचं मिळून एक बिल. एवढ्यासाठी २१४ नंबर एकाच टोपलीत घालायची गरज नाही. घाटावरची केंद्रं, डॉक्टर आणि टँकर पहिल्या कंपनीकडे द्या, ऑफिस आणि खालच्या गावांतले नंबर जिथे दर चांगला तिथे. "काम विभागून देण्याचा विचार आहे" एवढं म्हटलंत तरी पहिली कंपनी १९९ वरून खाली येईल. प्रतिनिधीच्या डोक्यावर तिमाहीचं टार्गेट असतं. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जो दर मिळतो तो महिन्याच्या सुरुवातीला मिळत नाही.

हँडसेट घेऊ नका. फुकट काही नसतं, ते भाड्यात आणि बांधिलकीत वसूल होतं. घ्यायचेच झाले तर त्यांचा करार वेगळा, बिल वेगळं. नंबरांच्या बिलात ती रक्कम येणार नाही असं स्पष्ट लिहून घ्या. तुमच्या १७ नंबरांचं जे झालं त्याची वाट तिथूनच जाते: पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीने थकबाकी कळवली आणि ती भरली गेली नाही तर नव्या कंपनीला नंबर बंद करावा लागतो.

आणखी एक. ऑफर लेटर म्हणजे करार नव्हे. प्रतिनिधीची बदली झाली की ऑफर लेटरला कुणी ओळखत नाही. दर, मुदत, बाहेर पडायची अट आणि दरवाढ झाली तरी मुदतीत आपला दर बदलणार नाही हे वाक्य, हे सगळं सह्या-शिक्क्याच्या करारात यायला हवं. जुलै २०२४ मध्ये सगळ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, ते आठवा. आता "पुढची वाढ यायच्या आत सही करा" म्हणून तुम्हाला घाई करतील. घाई करणाऱ्याकडूनच ते दरहमीचं वाक्य मागा.

प्रतिसाद

चाकणच्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभागात आहे. गेल्याच वर्षी आम्ही चारशेच्या वर नंबर हलवले, म्हणून प्रत्यक्ष कामाचं सांगते.

कंपनीच्या नावावरचे नंबर पोर्ट करताना अधिकृत सही असलेलं पत्र लागतं आणि एका पत्रावर जास्तीत जास्त १०० नंबर. म्हणजे तुम्हाला किमान तीन पत्रं. पोर्टसाठी लागणाऱ्या युनिक कोडसाठी ज्या त्या सिमवरून १९०० ला एसएमएस जातो, आणि आलेला कोड आपल्याकडे चारच दिवस चालतो. घाटावरच्या सचिवाने सोमवारी कोड मागवला आणि शनिवारी ऑफिसात कळवला तर काम पुन्हा पहिल्यापासून. कॉर्पोरेट नंबरांना पाच कामाचे दिवस धरा. पोर्ट होताना मध्ये काही तास फोन बंद राहतो, म्हणून सगळे टँकर एकाच रात्री हलवू नका. दुधाला सुट्टी नसते हे तुम्हाला मी काय सांगणार.

ज्यांचं सिम अलीकडे हरवून किंवा खराब होऊन बदललंय ते वेगळे काढा. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. आणि एकदा पोर्ट झालं की ९० दिवस पुन्हा पोर्ट नाही, त्यामुळे "आवडलं नाही तर परत या" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. तुम्ही आधी नवी सिम घेऊन तपासलंत ते फार चांगलं केलंत.

केवायसीसाठी आत्तापासून माणूस बसवा. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने जुनी बल्क कनेक्शन बंद करून बिझनेस कनेक्शन आणली. आता संस्थेची कागदपत्रं पुरत नाहीत, ज्याच्या हातात सिम जाणार त्या प्रत्येकाची केवायसी लागते. आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. डॉक्टर किंवा सचिव सोडून गेला तर नंबर संस्थेकडे राहणार की त्याच्याबरोबर जाणार, हेही नेमणूकपत्रात लिहा. भिंतीवरचा नंबर संस्थेचा असेल तर तो नव्या डॉक्टरच्या हातात जायला हवा.

प्रतिसाद

अध्यक्षसाहेबांच्या कात्रणाबद्दल. ते २०१८च्या शेवटचं आहे. रेल्वेचे १ लाख ९५ हजार नंबर सहा वर्षं एअरटेलकडे होते आणि वर्षाचं बिल सुमारे १०० कोटी. मुदत संपल्यावर १ जानेवारी २०१९ पासून काम जिओकडे गेलं, तेव्हा ३ लाख ७८ हजार नंबरांची योजना होती. वरिष्ठ अधिकाऱ्यांना १२५ रुपयांत ६० जीबी, त्याखाली ९९ रुपयांत ४५, आणि गट क ला ६७ रुपयांत ३० जीबी. बिल किमान ३५ टक्के कमी होईल असा अंदाज होता. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि तेव्हापासून सुरू झालेल्या दरयुद्धाच्या ऐन भरातला हा दर. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ अशा तीन मोठ्या वाढी त्यानंतर झाल्या. पावणेचार लाख नंबरांच्या भावात २१४ नंबर मिळत नाहीत, आणि आज तो भाव रेल्वेलाही नव्याने मिळेल असं वाटत नाही. साहेबांना ही वर्षं ओळीने लावून दाखवा, पटेल.

घाटावरच्या ज्या दोन केंद्रांवर पहिल्या कंपनीचाही फोन लागला नाही, तिथे बीएसएनएलचं सिम घालून बघा. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये नेटवर्क नसलेल्या सुमारे २५ हजार गावांना फोरजी देण्याची योजना मंजूर केली, ते काम बीएसएनएलकडे आहे. डोंगरी भागांतले बरेच नवे टॉवर त्यातले आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून तक्ता नव्याने केला.

आता त्यात दर एकाच रकान्यात आहे, करासकट. त्याशेजारी ड्रायव्हरदादांच्या वहीतले आकडे, केंद्रवार. घाटावरचे ३१ सचिव, सहा डॉक्टर आणि चौदा टँकर मिळून ५१ नंबर पहिल्या कंपनीला आणि बाकी १६३ दुसरीला, हँडसेटशिवाय, असा प्रस्ताव ठेवतेय. काम विभागणार म्हणताच पहिली कंपनी १९० वर आली. दुसरीने हँडसेट काढल्यावर १७८ केले आणि मुदत २४ महिन्यांवर आणली. दरहमीचं वाक्य दोघांनी मान्य केलंय. दुसरीने ते कराराच्या मसुद्यात घालून पाठवलंय, पहिलीचा मसुदा यायचाय. बीएसएनएलची दोन सिम काल टँकरवर चढवली. एका केंद्रावर फोन लागला, दुसऱ्याचं आज संध्याकाळी कळेल.

डॉक्टरांचे सहा नंबर सगळ्यात शेवटी हलवणार, एका वेळी एकच. ज्या दिवशी ज्यांचा नंबर हलेल त्या दिवशी त्या भागातल्या केंद्रांवर दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर फळ्यावर लिहून ठेवायचा, असं सचिवांशी बोललेय.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वीज दोन-दोन दिवस जाते. टॉवरची बॅटरी संपली की तक्त्यात २९ दिसणाऱ्या केंद्रांतली निम्मी मुकी होतात. बॅटरी किती तास चालेल किंवा डिझेल किती वेळात पोचेल, हे दोन्ही कंपन्या तोंडी सांगतायत, लेखी द्यायला तयार नाहीत. "टॉवर आमचे नाहीत, टॉवर कंपनीचे आहेत" हे उत्तर मिळतंय. कोकणात किंवा घाटावर कुणा संस्थेने हे करारात घालून घेतलं असेल तर ते कलम कसं लिहिलं होतं, एवढं कृपया सांगा. बैठकीला अजून चार दिवस आहेत.