ब्रिस्टलचं जॉर्जियन हाऊस : तळघरही बघा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर ७ नंबरचं जॉर्जियन हाऊस आहे; त्याच्या फर्निचरचं आणि खोल्यांचं वर्णन एका वाचकाने छान केलंय. पण हे संरक्षित घर कुणाच्या पैशावर उभं राहिलं, तेही इथे यायलाच हवं. १७९०च्या सुमारास ते बांधून घेणारा जॉन पिनी साखरेचा व्यापारी होता. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर त्याचे उसाचे मळे होते आणि तिथे गुलाम राबत.

१७६५ साली त्याने पेरो नावाचा १२ वर्षांचा मुलगा विकत घेतला, सोबत त्याच्या दोन बहिणीही. पुढे १७८३ मध्ये पिनी कुटुंब ब्रिस्टलला आलं, तेव्हा पेरोही खाजगी नोकर म्हणून आला. १७९८ मध्ये तो वारला, पण पिनीने त्याला मुक्त केलं नाही. मला हे फार लागतं. मालकिणीची दासी फॅनी कोकर मात्र १७७८ मध्येच मुक्त झाली होती.

तळघरात स्वयंपाकघर आहे, शिवाय मालकाच्या स्नानासाठी थंड पाण्याचा हौद. तो चुकवू नका. आणि बंदरावरचा १९९९चा पादचारी पूल, पेरोज ब्रिज, याच पेरोच्या नावाचा आहे.