हाताखाली कच्चा माणूस आणि काम नवंकोरं: तुमचे अनुभव?

माळ्यावरचा:
काल माळा आवरताना जुना लॅक्टोमीटर (दुधातलं पाणी पकडायची काचेची नळी) सापडला. नातू म्हणाला, आजोबा, ताप मोजायचा का? आणि आमचं दूध शीतकरण केंद्र आठवलं. केंद्र नवं, टाकी 5000 लिटरची, जनरेटर अजून जोडायचाच होता, आणि लॅबला माणूस म्हणून चेअरमननी पाठवला बारावी नापास भाचा. दुधातलं फॅट मोजताना ॲसिड आधी की दूध, हेही ठाऊक नाही. (ॲसिड आधी, 10 मिली. मग कडेकडेने दूध 10.75. शेवटी 1 मिली अमाईल अल्कोहोल. क्रम चुकला की वाटोळं.)

आठवडाभर त्याला काचेला हात लावू दिला नाही. कॅन उघड, वास घे, दांड्याने ढवळ, नमुना काढ. एवढंच. घरी म्हशी होत्या, नासकं दूध तो माझ्याआधी ओळखायचा. तिसऱ्या दिवशी न ढवळता वरवरची साय उचलली आणि एकाच्या जर्सी गाईच्या दुधाला फॅट लागलं 6.2! मागच्या रांगेत बोंबाबोंब. लोकांपुढे म्हटलं, चूक माझी, परत काढतो. संध्याकाळी दार लावून त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

चार महिन्यांनी केंद्र त्याच्यावर सोपवून रजेवर गेलो. दिवसाला पाच फोन केले ते सोडा.

बोलभांड:
चेअरमनचा भाचा प्रत्येक संस्थेत असतो. काचेचाच. तडा गेला की आपल्या पगारातून 😀

चाकणकर:
आमच्याकडे आयटीआय वेल्डर दिला सीएनसीवर (प्रोग्रॅमवर चालणारं कटिंग मशीन). ऑफसेटला, म्हणजे टूल किती सरकवायचं त्या आकड्याला, 0.5 ऐवजी 5. इन्सर्ट (टूलचं पातं) गेला, चक (जॉब पकडणारा जबडा) थोडक्यात वाचला. तेव्हापासून पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत थांबत, आणि मी शेजारी उभा. दहा मिनिटं जातात, जाऊ देत. बाकी नंतर लिहितो, बस आली.

उंबरठा:
मीच ती कच्ची. पतसंस्थेची नवी शाखा, रोकड जुळेना की साहेब काउंटरवरच्या गिऱ्हाइकांसमोर, ‘कुणी घेतलं हिला?’ मला शिकवलं शिपाईकाकांनी. जमेची व्हाउचरं वेगळी, नावेची वेगळी, आणि नोटा मोजताना कुणाशी बोलायचं नाही. साहेबांना अजून वाटतं त्यांच्या धाकाने शिकले.

माळ्यावरचा:
@उंबरठा ताई, काकांना नमस्कार सांगा.

उंबरठा:
गेले हो ते, कोविडात.

खडूस:
सगळेच शिकतात असं नाही. एकाला दीड वर्ष डिस्पॅच शिकवला, चलन एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. शेवटी वैतागून स्टोअरला टाकला. तिथे गड्याचं एक बिन कार्ड (मालाच्या आवक-जावकीची नोंद) कधी चुकलं नाही! दीड वर्ष मी काय बघत होतो देव जाणे.

कुकरची_शिट्टी:
विषयांतर. आमच्या गवळ्याच्या दुधात लॅक्टोमीटर 24 दाखवतो. पाणी आहे ना?

माळ्यावरचा:
दूध कोमट होतं की गार?

कुकरची_शिट्टी:
फ्रिजमधलं.

माळ्यावरचा:
मग विचारूच नका. गार दुधात आकडा उलट चढा दिसतो, तरी 24! गवळी बदला.

कुकरची_शिट्टी:
सासऱ्यांनी लावलाय 😐

बोलभांड:
भाचा असेल.